नियम क्रमांक नऊ

प्रिय बाबा,

खरं तर ‘तीर्थरूप’ लिहायला हवं होतं, आणि तसं लिहिलंही होतं. पण पुढचा सगळा मजकूर ज्या टाकीविषयी आहे ती डोळ्यांसमोर आली आणि त्या शब्दाशेजारी ती बरी दिसेना, म्हणून कागद बदलला. दोन विनंत्या आधीच करून ठेवतो. एक, हे पत्र तुम्ही एकट्यानं, खोलीचं दार लावून वाचावं. दोन, सोबतचा खोका पत्र संपल्याशिवाय उघडू नये, आणि ताईसमोर तर मुळीच उघडू नये. लेखी सूचना तुम्ही तंतोतंत पाळता हे मला माहीत आहे. आपल्या घरात तुमच्याशिवाय दुसरं कोणी त्या पाळत नाही, आणि सगळा घोळ तिथूनच झाला. पण तेही क्रमानं येईल.

तुम्ही तिघं सहलीहून परतल्यापासून तीन रविवार मी बरोबर अकरा वाजता फोन केला. तिन्ही वेळा ताईनं उचलला. पहिल्या रविवारी ती म्हणाली, बाबांचा घसा बसलाय. दुसऱ्या रविवारी म्हणाली, घसाबिसा काही नाही, मफलर तोंडापर्यंत गुंडाळून बसतात, मऊ भातच मागतात आणि चिठ्ठ्या लिहितात. ‘चहा’ एवढं लिहायचं तरी कोपऱ्यात तारीख घालतात आणि खाली रेघ मारतात, अरे, मी सून आहे की सरकारी कचेरी! (लेक म्हणायचं होतं तिला, पण ती चिडली की नाती बदलते.) तिसऱ्या रविवारी तिनं फोन तुमच्या कानाला लावला. मला तुमचा श्वास ऐकू आला. मी ‘बाबा’ म्हणालो, आणि पलीकडून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग पुन्हा ताई. म्हणाली, उठून गेले. तू काही बोललास का त्यांना? खरं सांग.

मी काही बोललो नव्हतो, पण माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. मी वही काढली आणि तुम्ही का रागावला असाल त्याची कारणं लिहिली. पहिलं कारण, सहलीच्या गाडीतली गादी कडक होती. दुसरं, आमच्या कामावरच्या मालकीणबाईंसमोर मी तुम्हाला ‘पाहुणे’ म्हणालो. तिसरं, गाडी ताब्यात देताना मी कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे घातले होते आणि ते काढायला विसरलो. तिसऱ्या कारणाखाली मी दोन रेघा मारल्या.

कारण दोन वर्षांपूर्वीचं तुमचं वाक्य मला पाठ आहे. लोकांची घाण उपसायला तुला एवढं शिकवलं का? मी म्हणालो होतो, एवढं म्हणजे अकरावी नापासच. तो विनोद करायची वेळ नव्हती हे मला तोंडातून शब्द बाहेर पडताच कळलं होतं. तुम्ही आयुष्यभर दुसऱ्यांच्या दारांवरच्या पाट्या रंगवल्यात, डॉक्टर, वकील, इंजिनीयर. माझी पाटीही मी सातवीत असतानाच करून ठेवली होतीत. नाव पूर्ण, आणि नावापुढे पदवीसाठी मोकळी जागा. मी हे काम धरलं त्या दिवशी ती पाटी कपाटामागे गेली आणि आपलं बोलणंही तिच्या मागोमाग गेलं.

म्हणून ताईनं जेव्हा सहलीचा घाट घातला, की माझ्याच कामाच्या जागेवरून राहायची-झोपायची सोय असलेली घरगाडी भाड्यानं घ्यायची आणि तुम्हालाही बरोबर न्यायचं, तेव्हा मी आठ दिवस आधीपासून ती गाडी धूत होतो. मामा, म्हणजे आमचे हेडमिस्त्री, सगळे त्यांना मामाच म्हणतात, ते म्हणाले, अरे, मुलगी बघायला येणार आहेत की काय गाडीतून? आणि कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला मी सूचनांची यादी डकवली. अठरा नियम. सहा वेळा लिहून काढले, कारण अक्षर तुम्ही बघणार होता. भावोजींनी यादीकडे पाहिलं आणि म्हणाले, छान आहे, वाचतो नंतर. ताई म्हणाली, तू सांग ना तोंडी. तुम्ही मात्र चष्मा लावलात, दारापाशी उभे राहिलात, आणि पहिल्यापासून अठराव्यापर्यंत बोट फिरवत वाचलंत. मग चष्मा काढून म्हणालात, शुद्धलेखनाची एकही चूक नाही. दोन वर्षांत माझ्याशी बोललेलं तुमचं पहिलं वाक्य. गाडी फाटकाबाहेर पडताना तुम्ही खिडकीतून हात केलात. मामा विचारत होते, डोळ्यांत काय गेलं रे तुझ्या? मी म्हणालो, टाकीचं औषध.

आता टाकीचं सांगायला हवं, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. घरगाडीला खाली दोन टाक्या असतात. एक बेसिनच्या आणि आंघोळीच्या पाण्याची, दुसरी संडासची. दोन्हींना बाहेरून एकेक व्हॉल्व्ह असतो. मुक्कामाच्या तळावर मोरीला पाइप जोडला की पहिलीचा व्हॉल्व्ह उघडा ठेवला तरी चालतो. दुसरीचा मात्र बंदच ठेवायचा, आणि टाकी बऱ्यापैकी भरली की एकदम उघडायचा, म्हणजे सगळं एका लोंढ्यात वाहून जातं. हा नियम क्रमांक बारा. पण माणसाला वाटतं, घाण कशाला साठवायची, राहू दे की व्हॉल्व्ह उघडा, आपोआप जाईल. जात नाही, बाबा. पाणी तेवढं निघून जातं आणि बाकीचं जिथल्या तिथं बसतं, वाळतं, त्यावर आणखी बसतं. संडासच्या बरोबर खाली डोंगर तयार होतो. भावोजींनी पहिल्याच दिवशी दोन्ही व्हॉल्व्ह उघडून ठेवले. नंतर मला म्हणाले, हवा खेळती राहावी म्हणून. टाकीत!

गाडी परत आली तेव्हा टाकी भरल्याचा लाल दिवा लागलेला होता आणि व्हॉल्व्ह उघडला तर खाली एक थेंब नाही. मालकीणबाई आल्या, वाकून पाहिलं, नाकाला पदर लावला. महिनाअखेरीच्या शनिवारी ती गाडी एका कुटुंबाला द्यायची होती. त्या म्हणाल्या, घरची माणसं आहेत म्हणून तुझ्या शब्दावर दिली. आता तूच निस्तर, नाहीतर टाकी बदलावी लागेल, आणि टाकी बदलली तर तुलाही बदलावं लागेल. त्या बोलतात कमी, पण जोडून बोलतात.

मी निस्तरायला बसलो. आधी गरम पाणी भरलं, उकळतं नाही, उकळत्यानं रबराच्या चकत्या खराब होतात. त्यात मैला विरघळवायचं औषध टाकलं आणि तीन दिवस मुरू दिलं. तीन दिवसांनी व्हॉल्व्ह उघडला तर औषध तेवढं बाहेर आलं. टाकीच्या आत धुण्यासाठी एक फवारा बसवलेला असतो. बाहेरून नळाचा पाइप जोडला की तो आतल्या भिंतींवर चहूबाजूंनी पाणी मारतो. त्याची भोकं क्षारांनी बुजली होती. तो काढून व्हिनेगरमध्ये ठेवला आणि टाचणीनं एकेक भोक मोकळं केलं. चोवीस भोकं आहेत. मग मामा म्हणाले, टाकीत बर्फ टाक आणि गाडी फिरव, खडे आपटून आपटून डोंगर फोडतील. म्हणून मी टाकीत दहा बादल्या बर्फ ओतला आणि आवारातल्या आवारात गाडीच्या फेऱ्या मारल्या, मुद्दाम गतिरोधकावरून, मुद्दाम गचकन ब्रेक दाबत. एकवीस फेऱ्या. फाटकावरचा पहारेकरी मला थांबवून समजुतीनं म्हणाला, हे बघ, क्लच हळू सोड, सगळ्यांनाच आधी असं होतं. बर्फ कशासाठी ते त्याला सांगावं असं मला वाटलं नाही.

तिसऱ्या रविवारी फवारा परत बसवला. व्हॉल्व्ह बंद करायचा, फवाऱ्याचं पाणी नऊ मिनिटं सोडायचं, म्हणजे टाकी पाऊण भरते, मग बंद करून मुरू द्यायचं. व्हॉल्व्ह बंद असताना फवारा सोडून जागेवरून हलायचं नाही, हे मी स्वतः भिंतीवर लाल अक्षरांत लिहिलं आहे. अकराला पाच कमी असताना मी पाणी सोडलं. अकराला तुम्हाला फोन करायचा होता. मी हिशेब केला, दोन मिनिटांचं काम आहे, कारण तुम्ही काही फोनवर येत नाही. मी ऑफिसात गेलो. पण त्या दिवशी ताईनं फोन तुमच्या कानाला लावला, तुमचा श्वास ऐकू आला, खुर्ची सरकली, आणि मग ताई आणि मी वीस मिनिटं एकमेकांना विचारत राहिलो की बाबांना झालंय तरी काय.

बाहेर आलो तेव्हा एक नवराबायको आवारात उभे होते, गाडी बघायला आलेले. दोघं मान वर करून पाहत होते. टाकीत वास कोंडू नये म्हणून एक नळी छपरापर्यंत गेलेली असते. तिच्यातून पुरुषभर उंच कारंजं उडत होतं आणि सकाळच्या उन्हात चमकत होतं. बाई म्हणाल्या, अय्या, शॉवर वरही आहे का? मी म्हणालो, मागे व्हा. त्या म्हणाल्या, असू दे हो, उकडतंच आहे. मी आयुष्यात पहिल्यांदा ग्राहकावर ओरडलो. नळ बंद केला, पण तोवर वारा फिरला होता आणि मालकीणबाईंची पांढरी मोटार बरोबर त्या बाजूला उभी होती. ती मी चार वेळा धुतली. पाचव्यांदा धुवायला घेतली तेव्हा मामा म्हणाले, बस कर, रंग जाईल. मग म्हणाले, तू, घड्याळ लावून टाचणीनं भोकं मोजणारा माणूस, पाणी सोडून गेलास कुठे? मी म्हणालो, बाबांना फोन करायला. मामा वळले, बादली घेतली आणि छपरावर चढले.

सोमवारी सकाळी आम्ही दोघांनी व्हॉल्व्ह उघडला. पाइपाच्या तोंडाशी काचेसारखा आरपार दिसणारा एक एल्बो, म्हणजे वाकडा जोड, लावलेला असतो. बाहेर काय पडतंय ते त्यात बघत राहायचं. आधी गढूळ येतं, मग पातळ, मग स्वच्छ पाणी, आणि स्वच्छ पाणी आलं की काम झालं. सुरुवातीला काहीच आलं नाही. मग गाडीनं आवंढा गिळावा तसा आवाज झाला आणि डोंगर निघाला. एल्बो काळा झाला, मातकट झाला, मामा ‘आली, आली, आली’ असं ओरडत होते, जशी काही रेल्वेच आली. आणि अचानक वाहणं थांबलं. काहीतरी कडक वस्तू आडवी येऊन अडकली होती. मी एल्बोला चापट मारली, मागून थोडं पाणी आलं, समोरची घाण खाली सरकली, आणि आत, माझ्या तोंडासमोर वीतभर अंतरावर, कोणीतरी हसलं.

वरची कवळी होती, बाबा. पूर्ण. एकही दात पडलेला नाही.

मामा खालीच बसले आणि पोट धरून हसायला लागले. म्हणाले, अरे, गाडी खूश झाली बघ तुझ्यावर! मग शांत होऊन म्हणाले, कोणीतरी म्हातारा बिचारा बोळकं घेऊन बसला असेल घरी. मी ती कवळी नळाखाली धरली. उलटी केली. टाळूच्या बाजूला, अगदी कडेला, काळ्या रंगात तांदळाच्या दाण्याएवढं एक अक्षर होतं. शिरोरेघ सरळ, वळण एकसारखं. छत्रीवर, विजेरीवर, आंघोळीच्या बादलीवर तुम्ही घालता तेच. एवढ्या लहान जागेत एवढं नेटकं अक्षर काढणारा दुसरा माणूस मला माहीत नाही.

मग मला सगळंच दिसलं. मफलर, चिठ्ठ्या, मऊ जेवण, सरकलेली खुर्ची. तीन रविवार मी ज्याला राग समजत होतो ते बोळकं होतं. तुम्ही कोणाचा अर्धवट उच्चार ऐकून घेत नाही, दुकानात उभं राहून अनोळखी माणसाचा ‘श’ सुधारता. तुमच्या तोंडून ‘स’च्या जागी नुसती हवा सुटणार असेल तर तुम्ही गप्पच बसणार, आणि माझ्याशी तर नक्कीच.

ते कसं घडलं असेल तेही मी शोधून काढलं. तुम्ही सांगू नका, मी विचारणार नाही. रिकाम्या गाडीत जाऊन मी स्वतः उभा राहून पाहिलं. माझ्या यादीतला नियम क्रमांक नऊ असा आहे: ‘वॉशबेसिनमध्ये चुळा भरू नयेत. टाकी लहान आहे.’ ताई आणि भावोजी सहा दिवस त्या बेसिनमध्ये खुशाल गुळण्या करत असणार. तुम्ही करणार नाही. तुम्ही संडासपाशी गेलात, वाकलात, आणि वाकताना पाय आपोआप पेडलवर पडतो. पेडल अर्धं दाबलं तर पाणी येतं, पूर्ण दाबलं तर झाकण उघडतं, हा नियम क्रमांक चार, पण वाकलेल्या माणसाचं सगळं वजन त्याच पायावर येतं हे मी लिहिलेलंच नव्हतं. आणि चूळ टाकायची तुमची रीत तर अंगणापलीकडे जाईल अशी. मी तसंच उभं राहून सुपारीच्या आकाराच्या साबणाच्या तुकड्यावर प्रयोग केला. चारपैकी चारही वेळा तुकडा थेट आत गेला. (ते चारही तुकडे नंतर मीच काढले.) तुमची काहीही चूक नाही. ज्या एका माणसानं माझे नियम पाळले, त्याचेच दात गेले. यादीतला नऊ नंबर मी खोडला आहे.

आणखी एक गोष्ट, जी मला कबूल करायला जड जाते. भावोजींनी बारावा नियम पाळला असता, तर पहिल्याच तळावर सगळं एका लोंढ्यात वाहून तिथल्या मोरीत गेलं असतं आणि कवळी कायमची गेली असती. ती डोंगरात अडकली म्हणून राहिली. म्हणजे भावोजींच्या आळसानं तुमचे दात वाचले. हे त्यांना कधीही कळता कामा नये. ते आयुष्यभर ऐकवतील.

मालकीणबाईंना मी सांगितलं की प्लास्टिकचा तुकडा अडकला होता. गाडी शनिवारी वेळेवर गेली. मामांना मात्र ते अक्षर दिसलं होतं, पण त्यांनी शपथ घेतली आहे, आणि मामा शपथ पाळतात. त्या दिवशी शेवटी एल्बोतून स्वच्छ पाणी आलं, इतकं स्वच्छ की पलीकडच्या भिंतीवरची माझीच लाल अक्षरं त्यातून वाचता येत होती, तेव्हा मला वाटलं, पाटीवरचा शेवटचा ब्रश उचलून तुम्ही दोन पावलं मागे येऊन उभे राहायचात ना, तसं हे आहे. हे सांगायचं दोन वर्षं राहून गेलं होतं.

तर हे पत्र त्या खोक्यासाठी आहे. आता उघडायला हरकत नाही. आत दोन डब्या आहेत, चिठ्ठ्या लावल्या आहेत, ‘जुनी’ आणि ‘नवी’. जुनी मी पाच वेळा धुतली आणि दंतवैद्यांकडे नेली. कुठे पडली होती, त्यांनी विचारलं. मी म्हणालो, पाण्यात, आणि ते तसं खोटं नाही. त्यांनी ती साफ करून चकचकीत केली, पण तुम्ही ती पुन्हा तोंडात घालणार नाही हे मला माहीत होतं, मीही घातली नसती. म्हणून त्यांच्याकडून तिच्यावरून हुबेहूब दुसरी करून घेतली. तिला आठ दिवस लागले, म्हणून चौथ्या रविवारी मी मुद्दामच फोन केला नाही, उगीच तुम्हाला खुर्ची सरकवायला लागू नये. नवीवर अक्षर घातलेलं नाही. ते तुम्हीच घाला, मला जमणार नाही. ताईनं विचारलं तर मी घशासाठी गोळ्या पाठवल्या आणि घसा सुटला असं सांगा. येत्या रविवारी अकरा वाजता मी फोन करीन. पाणी सोडलेलं नसेल, व्हॉल्व्ह तपासलेला असेल, कितीही वेळ बोलता येईल. आणि बाबा, मी वहीतलं तिसरं कारण अजून खोडलेलं नाही. ते जर खरंच असेल, कवळी बसवल्यावरही असेल, तर तेही बोलून दाखवा. मी ऐकून घेईन. फक्त या वेळी फोन ताईच्या आधी तुम्ही उचला.

तुमचाच,
अकरावी नापास